"स्टेपनी" शब्द नक्की कुठला? इंग्रज क्लायंट विचारतोय, हा स्टेपनी कोण

अंबडचा_डायमेकर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण दोन दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून टाकतो. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत टूलरूम बघतो. आमचा एक क्लायंट इंग्लंडचा, बर्मिंगहॅमच्या बाजूचा. मागच्या महिन्यात त्याच्या पार्टची डाय (म्हंजे पार्ट काढायचा साचा) तडकली, माल आठ दिवस लेट गेला, तर त्याने मेलवर विचारलं की परत असं झालं तर तुमची तयारी काय. मी आपलं सवयीने ठोकून दिलं की काळजी नसावी, आता आम्ही एक स्टेपनी डाय कायम तयार ठेवतोय.

दुसऱ्या दिवशी साहेबाचा रिप्लाय. हू इज स्टेपनी? आणि पुढे अगदी गंभीरपणे, हे गृहस्थ तुमच्याकडे नवीन आलेत का, त्यांच्या डायचं ड्रॉइंग आमच्याकडून पास झालंय का. म्हंजे त्याला वाटलं स्टेपनी नावाचा कोणी बाहेरचा माणूस आहे आणि आम्ही त्याच्याकडून डाय बनवून घेतोय! आमच्या मालकांनी मेल वाचला आणि मला केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हणाले, "अरे इंग्रजाला इंग्रजी कळेना, असं काय लिहिलंस तू?"

आता खरं सांगू का, मला आजपर्यंत हा शब्द पक्का इंग्रजीच वाटत होता. माझे मामा मुंबई-आग्रा रोडला ट्रक चालवायचे, ए फॉर ॲपलच्या आधी मी एस फॉर स्टेपनी शिकलोय असं म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या ट्रकखाली लटकवलेल्या स्टेपनीत मांजर व्यालेली मला आठवतेय. मग हा शब्द आहे तरी कुठला? आपणच बनवला का? आणि तुमच्याकडे कोणी चाक सोडून दुसऱ्या कशासाठी वापरतं का?

गोदाकाठी

सोप्पंय की. स्टेपमदर, स्टेपब्रदर, तसं स्टेपनी. सावत्र चाक. म्हणून तर त्याला कोणी धूत नाही, पुसत नाही, हवा विचारत नाही, आणि अडचण आली की पहिली हाक त्यालाच.

जुन्या_गाड्यांचा_नाद

गोदाकाठी भाऊ, तुमची व्युत्पत्ती साफ चूक आहे पण खऱ्यापेक्षा भारी आहे 😄

डायमेकर, शब्द आपण बनवलेला नाही. तो वेल्समधल्या एका रस्त्याचं नाव आहे. वेल्सच्या दक्षिणेला लानेली नावाचं गाव, पत्र्याच्या धंद्याचं, इतका पत्रा निघायचा की त्याला टिनोपोलिस म्हणायचे. (लानेली हा आपला उच्चार, त्यांच्या भाषेत तो दुहेरी ल म्हणायला जीभ टाळूला टेकवून कडेने हवा सोडावी लागते, ट्यूबमधून हवा सुटल्यासारखा फुस्स आवाज येतो. पंक्चरवाल्या शब्दाला याहून चांगलं गाव मिळणार नव्हतं.) तर त्या गावात स्टेपनी स्ट्रीट आहे, तिथे स्टेपनी नावाचं मोठं जमीनदार घराणं होतं त्यांच्यावरून पडलेलं नाव. आणि त्या रस्त्यावर थॉमस मॉरिस डेव्हिस या माणसाचं दुकान. १९०४ साली त्याने हे जादा चाक काढलं आणि नाव ठेवलं स्टेपनी स्पेअर व्हील. म्हंजे जसं आपल्याकडे कोणी मेनरोडला दुकान टाकून मेनरोड चिवडा म्हणून पाकीट काढावं तसं.

आता खरी गंमत ऐका. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो ती आणि डेव्हिसची स्टेपनी यात फरक आहे. त्या काळात मोटारीचं चाक आजच्यासारखं चार-पाच नट फिरवले की हातात, असं नव्हतं. लाकडी आऱ्यांची चाकं, ती गाडीला पक्की. पंक्चर झालं की चाक जागेवर ठेवून रस्त्यात बसून टायर उपसायचा, ट्यूब काढायची, जोडायची, परत भरायची, हाताने हवा मारायची. आणि पंक्चर तर पावलोपावली, कारण रस्त्यावर सगळी घोडागाड्यांची गर्दी आणि नालांचे खिळे पडलेले. डेव्हिसने काय केलं, आरे नसलेली नुसती रिम घेतली, तिच्यावर हवा भरलेला टायर चढवून ठेवला आणि रिमला पकडी दिल्या. पंक्चर झालं की मूळ चाक काढायचंच नाही, त्याच्या बाजूला ही रिम घट्ट आवळून टाकायची आणि निघायचं. म्हंजे ट्रकच्या मागच्या एक्सलला कशी जोडी असते दोन टायरांची, तशी तेवढ्यापुरती जोडी. फुसका टायर शेजारी लटकत राहायचा, वजन स्टेपनी उचलायची.

१९०६ मध्ये कंपनी उभी राहिली, धंदा तुफान चालला, लंडनच्या टॅक्सींवर ही चाकं दिसायला लागली, जगभर एजंट नेमले. मग पुढच्या काही वर्षांत गाड्यांना अख्खं निघणारं चाक आलं आणि डेव्हिसच्या युक्तीची गरजच संपली. इंग्लंडमध्ये माल गेला तसा शब्दही गेला, तिकडे आता स्पेअर व्हील म्हणतात. पण जिथे जिथे एजंट पोचले होते तिथे शब्द मागे राहिला. भारतात राहिला, बांगलादेशात राहिला, माल्टा नावाच्या चिमुकल्या बेटावर आजही स्टेपनीच म्हणतात आणि ब्राझीलमध्ये त्याचं एस्तेपी झालंय. तेव्हा तुमचा क्लायंट ब्राझीलचा असता तर त्याला कदाचित कळलं असतं.

अंबडचा_डायमेकर

काय सांगता राव! म्हणजे शंभर वर्षं जुनी जाहिरात आम्ही अजून फुकट करतोय. मेलमध्ये हे लिहू का त्याला? मालक म्हणतील डाय दे, इतिहास देऊ नको.

पेठरोड_एक्सप्रेस

हे सगळं व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखं वाटतंय, राग मानू नका. स्टेपनी लंडनमध्ये आहे, माझा चुलतभाऊ तिकडेच राहतो, स्टेपनी ग्रीन म्हणून ट्यूब स्टेशन आहे (तिकडे भुयारी रेल्वेला ट्यूब म्हणतात). ट्यूब! टायर ट्यूब! मग लंडनवरूनच आला असणार ना शब्द, हे वेल्स मधेच कुठून आलं?

जुन्या_गाड्यांचा_नाद

रागावत नाही, ही शंका सगळ्यांनाच येते. लंडनमध्ये स्टेपनी आहेच, पूर्वेकडचा जुना भाग. पण चाक तिथे बनलं नाही, ते लानेलीतच बनलं.

मात्र तुमचं म्हणणं आडवाटेने थोडं बरोबर निघतं. स्टेपनी हे आडनाव मूळ त्या लंडनच्या गावावरून पडलेलं, आपल्याकडे सिन्नरकर, निफाडकर, चांदवडकर होतात तसं. आणि त्या गावाचं हजार वर्षांपूर्वीचं नाव जुन्या इंग्रजीत स्टिबनहाइथ असं काहीसं. हाइथ म्हणजे नदीकाठी नावा लागतात ती जागा, आणि स्टिब्बा हे माणसाचं नाव. म्हंजे स्टिब्बाचा घाट. आता बघा, स्टिब्बाच्या घाटावरून गाव, गावावरून आडनाव, आडनावावरून रस्ता, रस्त्यावरून चाक, आणि चाकावरून अंबडच्या एमआयडीसीतली डाय. त्यामुळे साहेबाने "स्टेपनी कोण" विचारलं ते अगदीच चुकीचं नव्हतं, होता एक माणूस.

गोदाकाठी

गोदाघाटावरच्या माणसाला घाटाचं कौतुक सांगू नका. मी सावत्र चाकावर ठाम आहे.

द्वारकेचा_टायरवाला

हा धागा मला भाच्याने दाखवला. वडलांपासून दुकान आहे आमचं द्वारका चौकाच्या जवळ, आता सर्व्हिस रोडला सरकलो. इतिहास मला ठाऊक नाही पण रोज दहा वेळा तोंडात असलेला शब्द आहे म्हणून चार गोष्टी सांगतो.

एक म्हंजे आमच्याकडे कोणी स्टेपनी नीट म्हणत नाही. खेड्यावरचे टेपनी म्हणतात, युपीचे ड्रायव्हर इस्टेपनी म्हणतात, आणि आमच्या पेंटरने बोर्डावर "येथे स्टेफनी मिळेल" लिहिलं होतं, ते आठ वर्षं तसंच होतं, कॉलेजची पोरं गाडी थांबवून फोटो काढायची तेव्हा मला कळलं काहीतरी चुकलंय. पण बोर्ड बदलला नाही, गिऱ्हाईक येतं त्याने.

दुसरं, स्टेपनी एकटी नसते, तिच्याबरोबर जॅक, पाना आणि टॉमी पाहिजे. टॉमी म्हंजे ती चपट्या तोंडाची लोखंडी सळई, टायर रिमवरून उचकटायला. नव्या पोरांना टॉमी सांगितलं की कुत्रा बघतात कुठे आहे. आता मला सांगा जाणकार, जॅक पण इंग्रजी नाव, टॉमी पण इंग्रजी नाव, ही काय भानगड? साहेब लोकांनी सगळ्या हत्यारांना पोरांची नावं दिली का?

तिसरं महत्त्वाचं. दिवसाला एक तरी गाडी अशी येते की पंक्चर झालं, स्टेपनी काढली, तर स्टेपनीत हवाच नाही. मागच्या रविवारी वणीहून येणारं एक कुटुंब, सहा माणसं, दिंडोरी रोडला पंक्चर. गृहस्थाने मोठ्या ऐटीत डिकी उघडली, देवीच्या प्रसादाच्या पिशव्या बाजूला केल्या, गालिचा उचलला, स्टेपनी काढून लावली, जॅक खाली सोडला आणि गाडी त्या बाजूला बसली ती बसलीच. मला फोन आला तेव्हा त्यांच्या सौ. मागून बोलत होत्या ते मला सगळं ऐकू येत होतं, इथे लिहीत नाही. हवा चेक केली तर ३२ पॉइंटच्या जागी ७. पाच वर्षांत कोणी बघितलीच नव्हती. मी गिऱ्हाइकाला कायम सांगतो, चार चाकांत हवा भराल तेव्हा पाचव्यात दोन-चार पॉइंट जास्तीच भरून ठेवा, पडून पडून उतरते ती. ऐकतात आणि म्हणतात पुढच्या वेळी.

जुन्या_गाड्यांचा_नाद

टायरवाले दादा, भानगड तीच आहे जी तुम्ही म्हणालात. इंग्रजीत जॅक म्हणजे कोणीही साधा माणूस, घरगडी, हरकाम्या, आपण गण्या-गोंद्या म्हणतो तसं. मग गड्याचं काम करणाऱ्या यंत्रांना जॅकच म्हणायला लागले. टॉमीचं पण तसंच, सळईला टॉमी बार म्हणतात. आणि टायर हा शब्द तर अटायर म्हणजे पोशाख यावरून, चाकाला चढवलेले कपडे. पूर्वी रबर कुठलं, लाकडी चाकाला लोखंडी पट्टी ठोकायचे, तिलाच टायर म्हणायचे, रबराचा हवेचा टायर डनलपने १८८८ मध्ये केला. त्याच डनलपच्या नावाने आपल्या आज्या गादीला डनलपची गादी म्हणायच्या.

नाना_मोहदरीकर

लोखंडी पट्टीचा विषय निघाला म्हणून लिहितो, टाईप करायला वेळ लागतो माफ करा. मी सिन्नरचा, वय ७४. आमच्या बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी पट्टी असते तिला धाव म्हणतात, हे हल्ली कोणाला माहीत नसेल. धाव चढवायची म्हणजे सोहळा असायचा. लोहार गोवऱ्या रचून त्यात धाव लालभडक तापवायचा, तापून ती फुगली की तिघंचौघं सांडशीने उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि लगेच वरून पाणी. चर्र आवाज आणि वाफ, लाकूड कुरकुरायचं, आणि आकसून धाव अशी घट्ट बसायची की आरे, तुंबा सगळं जाम. आम्ही पोरं वाफेत उभी राहायचो, आई हाका मारून दमायची. तुमच्या इंग्रजांनी चाकाला कपडे घातले, आमच्याकडे त्याला धाव दिली.

आणि बैलगाडीला स्टेपनी नव्हती, पण फुकट फिरणारी वस्तू होती. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा म्हणतात ना, तो नळा म्हणजे आखाला घालायच्या वंगणाचं बांबूचं नळकांडं, गाडीखाली बांधलेलं. गाडा पंढरपूरला गेला की नळ्याचीही वारी होते. आमचे थोरले चिरंजीव दर लग्नात सासरच्यांबरोबर असेच जातात.

पेठरोड_एक्सप्रेस

नाना _/\_ शेवटच्या वाक्याला सलाम. आणि हो, मघाशी फॉरवर्ड म्हटलं ते मागे घेतो, चुलतभावाला विचारलं, तो म्हणाला मी स्टेपनीत बारा वर्षं राहतो, इथे कोणालाच स्टेपनी म्हणजे चाक हे माहीत नाही.

नववी_ब_च्या_बाई

मूळ प्रश्नातला दुसरा भाग सगळे विसरले, चाक सोडून कुठे वापरता. मी सांगते. एका शाळेत (नाव घेत नाही) मी तीन वर्षं तासिका तत्त्वावर होते. कोणी रजेवर गेलं की तो तास मला. सकाळी भूगोल, मग मराठी, एकदा तर पीटी. स्टाफरूममध्ये शिपायामार्फत निरोप यायचा, "स्टेपनी बाईंना पाठवा." तोंडावर कोणी म्हणत नव्हतं पण मुलांना पण माहीत होतं. पहिले काही महिने मला वाईट वाटायचं, मग मी ठरवलं की हवा भरलेली ठेवायची, म्हणजे उद्या कुठला विषय येईल ते आदल्या रात्रीच वाचून ठेवायचं. आता कायम झालेय दुसरीकडे, पण तो शब्द ऐकला की अजून मान वळते.

याशिवाय आमच्या घरात क्रिकेटच्या बाराव्या खेळाडूला स्टेपनी म्हणतात, लग्नात करवलीबरोबर जी दुसरी करवली उभी करतात तिला म्हणतात, आणि कामवाल्या मावशी गावाला गेल्या की त्या स्वतःच सांगतात, "ताई, स्टेपनी पाठवते." मोबाईलचा जुना फोन ड्रॉवरमध्ये असतो ती स्टेपनी. चष्म्याची स्टेपनी असते. फक्त नवऱ्याबायकोच्या बाबतीत जो चावट अर्थ आहे तो इथे नको, पण आहे खरा, आणि इंग्रजांच्या मेलमध्ये हा शब्द वापरताना डायमेकर भाऊंनी तेवढं लक्षात ठेवावं की आपल्याकडचा कोणी तो मेल वाचला तर.

गोदाकाठी

बाई, तुमचा अनुभव वाचून माझा मुद्दा सिद्ध झाला. सावत्र चाक.

नववी_ब_च्या_बाई

बरं बाबा, दिले तुला पाच पैकी दोन.

पाथर्डीफाटा

सगळे स्टेपनी स्टेपनी करताय पण ती आता चाललीय बरंका. मी मागच्या वर्षी नवीन गाडी घेतली, शोरूमच्या पोराने डिकी उघडून दाखवली, स्टेपनीच्या जागी एक छोटी पेटी, त्यात कसलातरी डिंक आणि हवा भरायचं मशीन. मी म्हटलं स्टेपनी कुठाय, तर म्हणे सर आता नसते. भांडलो. मग घरी येऊन शोधलं तर २०२० मध्ये केंद्राने नियमच बदललाय, साडेतीन टनापर्यंतच्या प्रवासी गाड्यांना ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारा सेन्सर आणि पंक्चर किट दिलं असेल तर स्टेपनी द्यायलाच पाहिजे असं नाही. बऱ्याच गाड्यांत दिलीच तर ती बारकी सायकलीच्या चाकाची मोठी बहीण देतात, वर पिवळं स्टिकर की ८० च्या वर पळवू नका.

मला सांगा, कसारा घाटात रात्री टायरची बाजू फाटली तर डिंकाने काय होणार? खिळा घुसला असेल तर ठीक, फाटलेल्याला डिंक काय करणार. आणि ते पोरगं मला म्हणतं, सर, रोडसाईड असिस्टन्स आहे ना. घाटात रेंज तुझा बाप देणार का.

आणि जाता जाता, डिकी शब्द कुठला ते पण सांगा कोणीतरी, तो पण साहेबाला कळणार नाही बहुतेक.

द्वारकेचा_टायरवाला

पाथर्डीफाटा साहेब, एकदम बरोबर. साईड कट झाली की टायर बाद, ना पंक्चरची स्ट्रिप चालत, ना मशरूम पॅच, ना तुमचा डिंक. आणि तो डिंक आत मारला की नंतर आम्हाला रिम धुवत बसावं लागतं, चिकट घाण नुसती, त्याचे वेगळे पैसे घेतो मी. एक स्टेपनी विकत घेऊन डिकीत टाका, सामान थोडं कमी बसेल. सेकंडहँड रिम मी बघून देतो.

जुन्या_गाड्यांचा_नाद

डिकीची गोष्ट पण ऐकण्यासारखी आहे. बग्गीच्या मागे नोकर बसायचा ती उघड्यावरची सीट, तिला डिकी म्हणायचे. पुढे दोन सीटच्या मोटारी आल्या तेव्हा मागे झाकण उचललं की आतून घडीची सीट निघायची, तीही डिकी सीटच. पाऊस आला की पुढचे दोघं टपाखाली आणि मागचे दोघं भिजत. नंतर सीट गेली, झाकण आणि पोकळी राहिली, आपण नाव तेच ठेवलं. इंग्रज तिला बूट म्हणतात आणि अमेरिकेत ट्रंक म्हणतात कारण तिकडे खरोखरची ट्रंक मागे पट्ट्याने बांधायचे. म्हंजे आपल्या गाडीच्या मागच्या बाजूला झाकण उघडलं की आत दोन म्हातारे इंग्रजी शब्द बसलेत, डिकीत स्टेपनी, आणि त्यांच्या स्वतःच्या देशात आज दोघांना कोणी धड ओळखत नाही.

जेसीबी, पोकलेन, टेम्पो हे पण असेच, कंपन्यांची नावं आहेत सगळी. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड या माणसाची आद्याक्षरं, पोकलेन फ्रेंच कंपनी, टेम्पो जर्मन. पण हे शब्द अजून जिवंत मालावर चालतात. स्टेपनीचा माल संपून जमाना झाला, शब्दच नुसता फिरतोय.

नाना_मोहदरीकर

नळ्याची यात्रा.

अंबडचा_डायमेकर

मंडळी, सगळ्यांचे आभार, एवढं काही निघेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो. मालकांना धागा वाचून दाखवला, ते म्हणाले साहेबाला साधं लिही, स्पेअर डाय. तसं लिहिलं, त्याचा ओके आला, विषय संपला. पण मला राहवेना म्हणून खाली बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या की स्टेपनी हा आमच्याकडचा शब्द तुमच्याच वेल्समधल्या एका रस्त्यावरून आलाय. त्यावर त्याने काहीच उत्तर दिलं नाही. पुढच्या मेलमध्ये मात्र त्याने डिलिव्हरीचं विचारताना लिहिलंय, "अँड हाऊ इज मिस्टर स्टेपनी?" आता ऑफिसात त्या दुसऱ्या डायला सगळे मिस्टर स्टेपनीच म्हणतात. हेल्परने तिच्यावर पिवळ्या मार्करने नाव पण टाकलंय.

आणि टायरवाले दादा, तुमचं वाचून काल संध्याकाळी पार्किंगमध्ये माझ्या गाडीची स्टेपनी काढून बघितली. तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली होती. हवा आहे, पण खाली जॅकच नाही. टॉमी पण नाही. जिथे जॅक बसतो त्या खाचेत आधीच्या मालकाची एक चप्पल आणि मनमाड-नाशिक तिकीट सापडलं.

द्वारकेचा_टायरवाला

या शनिवारी. जॅक जुना चालेल ना?